एरर मेसेज लिहिताना: कमांड लाइन टूल बनवणाऱ्या नवख्यांसाठी

समजा, पुण्यातल्या बसफेऱ्यांची सीएसव्ही फाइल वाचून थांब्यानुसार वेळापत्रक काढणारे ‘फेरी’ नावाचे छोटे टूल तुम्ही लिहिले आहे. नोंदी कुणीतरी एक्सेलमध्ये भरते, टूल त्या वाचते. स्वारगेटच्या एका ओळीत ७:५६ ऐवजी ७:६५ पडले. टूल थांबते आणि स्क्रीनवर येते:

    एरर: इनपुट चुकीचे आहे

फाइलमध्ये दोन हजार ओळी आहेत. कमांड चालवणाऱ्याला आता एकेक ओळ डोळ्यांखालून घालावी लागणार. टूलला मात्र सगळे माहीत होते. वेळ तपासणाऱ्या फंक्शनकडे ‘७:६५’ ही व्हॅल्यू होती, ओळी वाचणाऱ्या लूपकडे २१२ हा ओळ क्रमांक होता, फाइल उघडणाऱ्या कोडकडे फाइलचे नाव होते. ही माहिती स्क्रीनपर्यंत येता येता गळली. बहुतेक मेसेज भाषा कच्ची म्हणून वाईट होत नाहीत, माहिती वाटेत सांडली म्हणून होतात. त्यामुळे शब्द नंतर, आधी माहिती. आपल्याला हवा तो मेसेज असा:

    फेरी: फेऱ्या.सीएसव्ही:२१२: ‘वेळ’ या रकान्यात ‘७:६५’ आहे, मिनिटे ०० ते ५९ हवीत

खालची सगळी उदाहरणे याच टूलची आहेत. नोंदी भरणारे मराठीत काम करतात, म्हणून कमांड आणि मेसेजही मराठीत ठेवले आहेत. इंग्रजी मेसेज देणाऱ्या टूललाही यातले बहुतेक सगळे तसेच लागू पडते.

पायरी १: माहिती कुठे गळते ते शोधा

एरर जिथे उद्भवते तिथून स्क्रीनपर्यंत ती तीन-चार फंक्शनांतून वर येते. प्रत्येक थराने फक्त स्वतःकडे असलेली माहिती जोडायची. वेळ तपासणारे फंक्शन व्हॅल्यू आणि नियम सांगते. ओळी वाचणारे रकाना आणि ओळ क्रमांक जोडते. फाइल उघडणारे नाव जोडते, आणि सर्वांत बाहेरचे टूलचे नाव लावते. पायथनमध्ये यासाठी ‘रेझ – फ्रॉम’ आहे आणि ३.११ पासून ‘ॲड नोट’ही आहे. गोमध्ये १.१३ पासून ‘एररएफ’ला याच कामासाठी ‘%डब्ल्यू’ मिळाले. रस्टमध्ये ‘एनीहाऊ’ या लायब्ररीची ‘कॉन्टेक्स्ट’ मेथड सर्रास वापरतात.

नवख्यांकडून इथे हमखास एक गोष्ट होते. प्रत्येक थर माहिती जोडण्याऐवजी आपापले रडगाणे जोडतो:

    फेरी: वेळापत्रक काढता आले नाही: फाइल वाचता आली नाही: ओळ वाचता आली नाही: वेळ समजली नाही

चार वेळा ‘नाही’ आहे, पण ओळ कोणती याचा पत्ता नाही. ‘काहीतरी बिघडले’ हे एकदाच, सर्वांत आतल्या थराने सांगावे. बाकीच्यांनी फक्त ठिकाण सांगावे.

सी भाषेत लिहीत असाल तर सिस्टिम कॉल फसल्याबरोबर ‘एरनो’ हा एररचा आकडा एका व्हेरिएबलमध्ये उचलून ठेवा. मध्ये एखादे ‘प्रिंटएफ’ किंवा ‘क्लोज’ आले की तो आकडा बदलू शकतो. मग जागा संपलेली असताना मेसेज परवानगीबद्दल बोलतो आणि माणूस तासभर भलतीकडेच शोधत बसतो.

व्हॅल्यू कुठून आली हेही सांगा. कमांडवर दिलेला पर्याय, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आणि सेटिंगची फाइल अशा तीन ठिकाणांहून व्हॅल्यू घेणारे टूल असेल, तर नुसती व्हॅल्यू दाखवून भागत नाही. माणूस म्हणतो, ‘मी हे दिलेच नव्हते!’ आणि त्याचे बरोबर असते, कारण ते चार महिन्यांपूर्वी दुसऱ्याच कुणीतरी सेटिंगमध्ये लिहून ठेवलेले असते.

    फेरी: ‘कोथरुड’ नावाचा डेपो यादीत नाही
      हे नाव ~/.फेरी/सेटिंग या फाइलच्या ओळ ४ वर आहे

फाइलच्या बाबतीत वापरणाऱ्याने जसा दिला तसाच पाथ दाखवा. टूल दुसऱ्या फोल्डरमध्ये जाऊन ती शोधत असेल तर पूर्ण पाथ द्या. ‘फेऱ्या.सीएसव्ही सापडली नाही’ हे वाचणाऱ्याला ती फाइल समोर दिसत असते. टूल कोणत्या फोल्डरमध्ये शोधत होते हे त्याला कळायला हवे.

पायरी २: पहिली ओळ ठरलेल्या साच्यात ठेवा

साचा नवा शोधू नका. जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या कोडिंग नियमांत तो दिलेला आहे: आधी टूलचे नाव, मग फाइल, ओळ क्रमांक आणि मजकूर, मध्ये अपूर्णविराम. शेवटी पूर्णविराम नाही. याचा फायदा नीटनेटकेपणापुरता नाही. ‘फाइल:ओळ:’ हा साचा विमसारखे एडिटर ओळखतात आणि थेट त्या ओळीवर नेऊन ठेवतात. शंभर मेसेजांतून एका फाइलचे मेसेज ‘ग्रेप’ या शोधाच्या टूलने वेगळे काढता येतात.

टूलचे नाव पुढे हवेच. एका शेल स्क्रिप्टमध्ये पाच-सहा टूल पाइपने जोडलेली असली आणि स्क्रीनवर नुसते ‘फाइल उघडता आली नाही’ आले, तर बोलले कोण हेच कळत नाही.

मुख्य ओळ ऐंशी अक्षरांच्या आसपास बसवा. जास्त सांगायचे असेल तर दोन जागा सोडून दुसरी ओळ घ्या. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये मेसेजचे तीन भाग असतात: मुख्य मजकूर, तपशील आणि सूचना. मुख्य मजकूर एका दमात वाचता येतो. तपशील आणि सूचना पूर्ण वाक्यांत असतात. छोट्या टूललाही हीच विभागणी पुरते, आणि बहुतेक वेळा पहिला भागच पुरेसा असतो.

पायरी ३: शिक्का मारू नका, नियम सांगा

‘चुकीचे’, ‘अवैध’, ‘अयोग्य’ हे शब्द निकाल देतात, कारण सांगत नाहीत. ‘वेळ अवैध आहे’ असे लिहिलेत की पुढचा प्रश्न ठरलेला: मग वैध कशी असते?

बसच्या नोंदींतच याचे चांगले उदाहरण आहे. वेळापत्रकांसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या जीटीएफएस या फॉरमॅटमध्ये २५:१०:०० ही वेळ चालते. रात्री बारानंतर धावणारी फेरी आदल्या दिवसाच्या सेवेत मोजायची असली की पहाटेचे १:१० असे लिहितात. तुमचे टूल हे समजत नसेल आणि ‘२५:१० ही वेळ चुकीची आहे’ असे सांगत असेल, तर त्या क्षेत्रातला माणूस तुमच्या टूलवरचा विश्वास गमावतो. त्याऐवजी:

    फेरी: फेऱ्या.सीएसव्ही:८७: ‘वेळ’ या रकान्यात ‘२५:१०’ आहे, हे टूल ००:०० ते २३:५९ पर्यंतच्याच वेळा घेते

आता नोंद चूक की टूल अपुरे, हे ठरवणे वाचणाऱ्याच्या हातात राहिले.

क्रियापदाकडेही लक्ष द्या. पोस्टग्रेसच्या शैलीनियमांत एक उपयोगी भेद आहे: प्रयत्न केला पण या वेळी जमले नाही हे एक, आणि ही सोयच नाही हे दुसरे. ‘फाइल उघडता आली नाही’ म्हटले की परवानगी बदलून पुन्हा बघावेसे वाटते. ‘झिप फाइल वाचण्याची सोय या टूलमध्ये नाही’ म्हटले की माणूस झिप आधी उघडतो. दोन्हीकडे ‘उघडता येत नाही’ असे मोघम लिहिले तर लोक नसलेल्या सोयीसाठी तासन्‌तास परवानग्या बदलत बसतात.

नेटवर्कच्या बाबतीत मोघमपणा सर्वांत महाग पडतो. ‘सर्व्हरशी संपर्क झाला नाही’ या एका वाक्याखाली तीन वेगळे आजार लपतात. नावावरून पत्ताच सापडला नाही, म्हणजे नाव चुकले किंवा डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता देणारी सेवा, बंद. मशीनने कनेक्शन नाकारले, म्हणजे ते चालू आहे पण त्या पोर्टवर कुणी ऐकत नाही. ठरलेल्या वेळेत उत्तरच आले नाही, म्हणजे बहुधा मधली फायरवॉल किंवा बंद मशीन. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. मेसेजमध्ये सर्व्हरचे नाव, पोर्ट, किती सेकंद थांबलो आणि किती वेळा प्रयत्न केला हे चारही लिहा.

व्हॅल्यू नेहमी अवतरणचिन्हांत ठेवा. रिकामी व्हॅल्यू ‘’ अशी दिसते, आणि ‘स्वारगेट ’ च्या शेवटी चिकटलेली स्पेस उघडी पडते. अवतरण नसेल तर ‘थांबा सापडला नाही’ एवढेच दिसते आणि रकाना रिकामा होता हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

काय गाळायचे? ओळीच्या सुरुवातीचे ‘एरर:’ गाळा, मात्र टूल इशारेही देत असेल तर ते ठेवा. ‘कृपया’, ‘क्षमस्व’, ‘अनपेक्षित’, उद्गारचिन्हे, मोठ्या अक्षरांतली ओरड, सगळे गाळा. वाचणारा अडकलेला आहे, त्याला पुढची हालचाल हवी आहे. पण थोडक्यात म्हणजे मुके नव्हे. युनिक्सचा जुना एडिटर ‘ईडी’ चुकलेल्या कमांडवर नुसते ‘?’ छापतो. त्या काळी टेलिटाइप या कागदावर छापणाऱ्या यंत्रावर सेकंदाला दहा अक्षरे उमटायची, तेव्हा ती काटकसर समजण्यासारखी होती. आज तसे कारण उरलेले नाही.

पायरी ४: मराठी वाक्याचा साचा जपा

मराठी मेसेजमध्ये व्हॅल्यू घालताना वाक्य मोडते ते लिंगामुळे आणि विभक्तीमुळे. ‘%एस सापडला नाही’ (‘%एस’च्या जागी व्हॅल्यू येते) हा साचा थांब्याला जमतो, फाइलला जमत नाही. आणि वापरणाऱ्याने दिलेल्या नावाला थेट ‘मध्ये’ किंवा ‘ची’ चिकटवले तर सामान्यरूप बिघडते: ‘थांबे’मध्ये, ‘नवा मार्ग’ची.

उपाय सोपा आहे. व्हॅल्यूसोबत तिचा प्रकार सांगणारे नाम द्या आणि प्रत्यय त्या नामाला लावा. ‘थांबे’ या फाइलमध्ये, ‘नवा मार्ग’ या मार्गाची, ‘कात्रज’ हा थांबा. मग क्रियापद त्या नामाप्रमाणे चालते आणि व्हॅल्यू काहीही असो, वाक्य सरळ राहते. एकाच साच्यात फाइल, थांबा, डेपो असे सगळे कोंबण्यापेक्षा प्रत्येकासाठी वेगळे वाक्य लिहा. अनेकवचनासाठी ‘गेटटेक्स्ट’ या मेसेज भाषांतराच्या टूलमध्ये मराठीला दोन रूपे आहेत, ‘१ ओळ’ आणि ‘३ ओळी’. ती वापरा. ‘ओळ/ओळी’ असे लिहू नका.

पायरी ५: देवनागरीतले सापळे

इथे सर्वांत जास्त वेळ द्या, कारण बहुतेक तयार लायब्ररींनी या गोष्टी धरलेल्या नसतात.

पहिला सापळा ओळीतल्या अक्षराच्या क्रमांकाचा. ‘स्वारगेट’ या शब्दात डोळ्यांना चार अक्षरे दिसतात: स्वा, र, गे, ट. युनिकोडमध्ये त्याचे आठ संकेत होतात आणि यूटीएफ-८ मध्ये चोवीस बाइट. त्यापुढे स्वल्पविराम राहिला असेल आणि तुमचे टूल ‘अक्षर २५ पाशी स्वल्पविराम हवा’ असे म्हणाले, तर वाचणारा २५ पर्यंत मोजत बसेल आणि त्याला काही सापडणार नाही. चुकीखाली ‘^’ काढून बोट दाखवण्याची पद्धत इंग्रजीत छान चालते. देवनागरीत टर्मिनल आणि फॉन्टप्रमाणे ती खूण दोन-चार घरे सरकते आणि निर्दोष अक्षराकडे बोट दाखवते. त्यामुळे रकान्याचे नाव सांगा, व्हॅल्यू अवतरणात द्या आणि खूण काढूच नका.

दुसरा सापळा जास्त छळतो. खडकवासल्याजवळच्या ‘गोऱ्हे बुद्रुक’चे नाव घ्या. त्यातला ऱ्ह तीन प्रकारे टाइप झालेला असू शकतो. एक, ऱ हा स्वतंत्र संकेत, यू+०९३१. दोन, साधा र आणि त्याला नुक्ता. तीन, र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह, यू+२००डी. हा तिसरा प्रकार जुन्या कीबोर्ड लेआउटमधून येतो. पडद्यावर तिन्ही सारखे दिसतात, पण तुलना केली की वेगळे ठरतात. मग मेसेज येतो:

    फेरी: ‘गोऱ्हे बुद्रुक’ हा थांबा यादीत नाही
      जवळचे नाव: ‘गोऱ्हे बुद्रुक’

हे वाचून कुणालाही टूल बिघडल्यासारखेच वाटेल. यावर मेसेज सुधारून फारसे हाती लागत नाही, आधी डेटा एकसारखा करावा लागतो. यादी आणि इनपुट दोन्ही वाचताना एनएफसी नॉर्मलायझेशन करा, म्हणजे एकाच अक्षराचे वेगवेगळे संकेत युनिकोडच्या एका ठरलेल्या रूपात आणा. त्याने पहिला आणि दुसरा प्रकार एक होतात. तिसरा होत नाही. तो तुम्हाला स्वतः बदलावा लागतो: ‘र, हलन्त, यू+२००डी’ दिसले की ‘ऱ, हलन्त’ करा. एवढे करूनही दोन सारखी दिसणारी नावे जुळली नाहीत, तर मेसेजच्या दुसऱ्या ओळीत जिथे फरक आहे तिथला संकेत क्रमांक छापा. न दिसणारी गोष्ट दिसू लागली की भांडण मिटते.

तिसरा एक्सेलचा. ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ म्हणून सेव्ह केले की एक्सेल फाइलच्या सुरुवातीला तीन बाइटची खूण टाकते. पहिल्या रकान्याच्या नावाला ती चिकटते आणि टूल म्हणते ‘थांबा’ हा रकाना नाही, तर उघडलेल्या फाइलमध्ये पहिलाच रकाना ‘थांबा’ दिसतो. पायथनमध्ये फाइल ‘यूटीएफ-८-सिग’ने उघडा, म्हणजे खूण आपोआप निघते. विंडोजवर नुसत्या ‘सीएसव्ही’ पर्यायाने सेव्ह केले तर देवनागरीची जागा प्रश्नचिन्हे घेतात आणि मूळ मजकूर त्या फाइलपुरता गेलेला असतो. हे ओळखणे सोपे आहे, म्हणून त्यासाठी खास मेसेज लिहा:

    फेरी: थांबे.सीएसव्ही:२: ‘थांबा’ या रकान्यात फक्त प्रश्नचिन्हे आहेत: ‘????????’
      मूळ एक्सेल फाइल उघडून ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ या प्रकारात पुन्हा सेव्ह करा

चौथा आकड्यांचा. पायथनचे ‘इंट’ देवनागरी ‘७’ला बिनतक्रार सात मानते. गो आणि रस्टमधली नेहमीची रूपांतराची फंक्शने मानत नाहीत. कुणी मराठी कीबोर्डवर वेळ भरली तर ती एका टूलमध्ये चालते आणि दुसऱ्यात ‘आकडा नाही’ असा मेसेज येतो. दहा आकडे बदलून घेणारे चार ओळींचे फंक्शन लिहा आणि हा मेसेज द्यायची वेळच येऊ देऊ नका.

पायरी ६: सूचना द्या, पण जपून

‘कोथरुड’ लिहिणाऱ्याला ‘कोथरूड’ सुचवणे योग्यच. ‘गिट’मध्ये ‘कमिट’चे स्पेलिंग चुकले तरी ते जवळची कमांड दाखवते, आणि मुद्दाम तसे सेटिंग केल्याशिवाय ती स्वतःहून चालवत नाही. ही मर्यादा तुम्हीही पाळा. दोन शब्दांतले अंतर एक किंवा दोन बदलांचे असेल तरच सुचवा. तीन-चार संकेतांच्या शब्दाला एकच बदल धरा, नाहीतर ‘पुणे’ला भलतेच काही सुचेल. तीनपेक्षा जास्त नावे दाखवू नका.

सुचवलेली कमांड जशीच्या तशी कॉपी करून चालायला हवी. फाइलच्या नावात स्पेस असेल तर अवतरणासकट छापा.

काही सूचना कधीच देऊ नयेत. परवानगी नाकारली गेली की ‘सुडो लावून बघा’, म्हणजे रूट या सर्वाधिकारी युजरच्या नावाने चालवा, असे सुचवणारी टूल आहेत. त्याने तेवढ्यापुरते काम होते, पण तयार झालेली फाइल रूटच्या मालकीची होऊन बसते आणि पुढच्या वेळी नेहमीच्या युजरला ती बदलता येत नाही. त्याऐवजी फाइलचा मालक कोण आणि टूल कोणत्या नावाने चालले आहे ते सांगा. तसेच ‘--जबरदस्ती’ हा पर्याय सुचवायचा असेल तर त्याने काय पुसले जाईल ते त्याच ओळीत लिहा. लिहिता येत नसेल तर सुचवू नका.

पर्यायाचे नाव चुकले म्हणून साठ ओळींची मदत ओतू नका. खरी चूक वर सरकून पडद्याबाहेर जाते. एक ओळ चूक सांगणारी, एक ओळ ‘फेरी --मदत’ ची, बस.

पायरी ७: किती मेसेज, कुठे, आणि कोणत्या कोडसह

डेटा तपासणाऱ्या टूलने पहिल्याच चुकीवर थांबू नये. माणसाला वीस वेळा दुरुस्त करून वीस वेळा चालवायला लावणे हा छळ आहे. चुका गोळा करा, पहिल्या दहा दाखवा आणि शेवटी ‘आणखी ३४० ओळींत चुका आहेत, सगळ्या पाहण्यासाठी --सर्व वापरा’ असे सांगा. एका चुकीतून उपजलेल्या चुका मात्र मोजू नका. रकानाच सापडला नसेल तर प्रत्येक ओळीत तो नाही हे दोन हजार वेळा सांगण्यात अर्थ नाही. टर्मिनलवर नजर शेवटच्या ओळीवर असते, तेव्हा एकूण आकडा तळाशीच हवा.

सगळे मेसेज स्टँडर्ड एररवर, म्हणजे डिस्क्रिप्टर २ वर पाठवा. वेळापत्रक स्टँडर्ड आउटपुटवर. हे मिसळले तर कुणीतरी आउटपुट फाइलमध्ये वळवतो, तुमचा मेसेज वेळापत्रकात छापला जातो आणि पडद्यावर काहीच दिसत नाही.

बाहेर पडतानाचा कोड शून्य म्हणजे सगळे ठीक. एकूण तीन आकडे पुरतात असे आमचे मत आहे: ० यश, १ डेटात किंवा कामात अडचण, २ कमांडच चुकीची दिली. ‘ग्रेप’ मात्र १ हा आकडा ‘काही सापडले नाही’ यासाठी ठेवतो आणि खऱ्या एररला २ देतो. तुमचे टूलही शोधाचे काम करत असेल तर तीच रीत धरा. १२६ पासून पुढचे आकडे शेलसाठी सोडा: १२६ म्हणजे चालवता न येणारी फाइल, १२७ म्हणजे कमांडच सापडली नाही, १३० म्हणजे कंट्रोल-सीने थांबवले, १३७ म्हणजे किल सिग्नलने मारले.

चुकांची संख्याच कोड म्हणून परत करण्याचा मोह अनेकांना होतो. या कोडला आठच बिट असतात. २५६ चुका सापडल्या की कोड शून्य होतो आणि सगळ्यात वाईट फाइल ‘पास’ होते.

मेसेज वाचणारा समोर बसलेला असेलच असे नाही. पुण्यातल्या आयसर या विज्ञान संस्थेतल्या परम ब्रह्मसारख्या महासंगणकावर काम रांगेत लागते, रात्री कधीतरी चालते, आणि एरर एका फाइलमध्ये जाऊन पडते. सकाळी ती उघडणाऱ्याला रंगांच्या कोडची खिचडी दिसू नये. आउटपुट टर्मिनलवर जात आहे का ते तपासूनच रंग लावा. ‘नो कलर’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल सेट असेल तर टर्मिनलवरही लावू नका. ‘वरची फाइल’, ‘आत्ताची ओळ’ असे शब्दही अशा ठिकाणी निरुपयोगी, कारण वर काय होते ते फाइलमध्ये नसते.

आणखी एक बारीक गोष्ट. कुणी तुमचे आउटपुट फक्त सुरुवातीच्या ओळी दाखवणाऱ्या ‘हेड’मध्ये पाइप केले आणि दहा ओळींनंतर ‘हेड’ बंद झाले, तर ती चूक नव्हे. पायथनची टूल इथे ‘ब्रोकन पाइप’चा भलामोठा ट्रेसबॅक, म्हणजे एरर कोणकोणत्या फंक्शनांतून आली याची यादी, ओकतात. तो पकडा आणि गप्प बाहेर पडा.

पायरी ८: वापरणाऱ्याची चूक आणि टूलची चूक वेगळी ठेवा

फाइल नाही, वेळ जुळत नाही, परवानगी नाही, या वापरणाऱ्याच्या बाजूच्या गोष्टी. त्यांना ट्रेसबॅक दाखवू नका. तुमच्या कोडमधला बग असेल तर मात्र तसे स्पष्ट लिहा: ‘हा फेरीमधला बग आहे’, सोबत आवृत्ती, चालवलेली कमांड आणि ट्रेसबॅक कोणत्या फाइलमध्ये ठेवला आहे ते. असे लिहिले नाही तर लोक स्वतःची निर्दोष फाइल दुरुस्त करत बसतात.

व्हॅल्यू दाखवा म्हटले तरी सगळ्याच दाखवायच्या नाहीत. पासवर्ड, टोकन, आधार क्रमांक मेसेजमध्ये पूर्ण येऊ देऊ नका. मेसेजचे स्क्रीनशॉट ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतात. टोकन कुठून आले ते सांगा आणि शेवटची चार अक्षरे दाखवा, ओळख पटायला तेवढी पुरतात.

पायरी ९: मुद्दाम मोडून बघा

मेसेज लिहून झाले की ते प्रत्यक्ष आणून वाचा. नसलेली फाइल द्या. फाइलच्या जागी फोल्डर द्या. रिकामी फाइल द्या. शेवटची ओळ अर्धवट तोडा. रकान्याच्या नावात शेवटी स्पेस टाका. विंडोजवर सेव्ह केलेली फाइल द्या, तिच्या ओळीअखेरचे जादा चिन्ह शेवटच्या रकान्याला चिकटते का ते बघा. मार्ग क्रमांकाच्या जागी थांब्याचे नाव द्या.

वाचायची परवानगी काढून बघताना एक काळजी घ्या. डॉकर कंटेनरमध्ये बऱ्याचदा आपण रूट असतो आणि रूटला ती मनाई लागू होत नाही. टेस्ट पास होते, मेसेज मात्र कधी छापलेलाच नसतो. टेस्ट साध्या युजरने चालवा.

डिस्क भरल्याचे सोंग लिनक्सवर फुकट मिळते. आउटपुट ‘/डेव्ह/फुल’ या डिव्हाइसकडे वळवा, तिथे लिहायला गेले की जागा नसल्याची एरर येते. बहुतेक नवखी टूल इथे शांतपणे कोड शून्य देऊन बाहेर पडतात, कारण छापलेला मजकूर बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यात असतो आणि खरी एरर बफर रिकामा करताना किंवा फाइल बंद करताना येते. तो परतीचा आकडा कुणी तपासलेलाच नसतो. परिणामी अर्धे वेळापत्रक डिस्कवर जाते आणि टूल ‘झाले’ म्हणते. शेवटचा फ्लश आणि क्लोज तपासा, आणि असा मेसेज द्या:

    फेरी: वेळापत्रक.टीएक्सटी: फाइल पूर्ण लिहिता आली नाही: डिस्कवर जागा नाही
      १८४० पैकी ९१२ ओळी लिहिल्या गेल्या असाव्यात. ही अर्धवट फाइल वापरू नका

मग प्रत्येक मेसेजची टेस्ट लिहा: मजकूर, कोड आणि तो कोणत्या डिस्क्रिप्टरवर आला हे तिन्ही. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला कोड न दाखवता नुसता मेसेज द्या आणि विचारा, ‘तू आता काय करशील?’ तो फाइल उघडून नेमक्या ओळीवर गेला तर मेसेज जमला. त्याने तुम्हालाच उलट प्रश्न विचारला, तर त्या प्रश्नाचे उत्तर मेसेजमध्ये घाला आणि दुसऱ्या सहकाऱ्याकडे जा, कारण पहिल्याला आता उत्तर माहीत झाले आहे.